मेसच्या दह्याचं विरजण

नांदेघर फाट्यावरच्या कॉलेजात मुलींच्या मेसचा स्वयंपाक छायाकाकू मोहित्यांकडे होता, आणि अकरा वर्षांच्या अनुभवावरून त्यांचं एक ठाम मत झालं होतं. होस्टेलवरच्या पोरीला दोडका खायला लावणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही.

चारशे पोरी. रोज दुपारी ताटं परत यायची तेव्हा कडेला ढकललेला पालक, मुगाची उसळ, कोशिंबीर जशीच्या तशी. आणि संध्याकाळी ह्याच पोरी गेटबाहेरच्या मंच्युरियनच्या गाडीवर एकमेकींच्या अंगावर पडत उभ्या. वार्षिक तपासणीत निम्म्या जणींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तिघींना तर एकोणिसाव्या वर्षीच साखर निघाली, तेव्हा प्राचार्य हादरले. मग भाषणं झाली, भिंतीवर फळांची चित्रं लागली, ताटांखाली वजनकाटे बसले, चांगलं वाढून घेतलं की मोबाइलवर गुण मिळायला लागले. पोरी काय कच्च्या गुरूच्या चेल्या होत्या होय? कोशिंबीर वाढून घ्यायची, गुण खिशात घालायचे आणि कोशिंबीर बादलीत. काकूंना त्या बादलीकडे बघवायचं नाही.

मग एका जूनमध्ये पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून डॉक्टर अनघा चिटणीस आल्या. त्यांनी भाषण केलं नाही. त्यांनी दही आणलं.

काकूंना स्वयंपाकघरात बसवून त्यांनी सगळं नीट समजावलं, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"पोट भरलं हे आपल्याला नुसतं पोट सांगत नाही, काकू," त्या म्हणाल्या. "आतड्यातून एक रस निघतो, तो मेंदूला निरोप धाडतो की आता पुरे. तळलेलं, गोड, मैद्याचं खाताना हा निरोप उशिरा पोचतो. तोवर माणूस खात सुटतं. आम्ही दह्यातल्या जीवाणूला तोच रस बनवायला शिकवलंय. तेल-साखर जास्त आली की तो भराभर रस सोडणार, आणि दोन घासांत बास वाटणार. भाजी-भाकरी आली की तो गप्प. जबरदस्ती कुणावर नाही. मुली आपणहून चांगलं निवडतील."

"आणि हे तुमचं जित्राब पोटात कायमचं बसलं तर?"

"नाही बसणार. त्याला जगायला एक घटक लागतो. तो त्याला स्वतःला बनवता येत नाही आणि बाहेर कुठे मिळतही नाही. आम्ही तो पावडरीतून दुधात घालतो. दही थांबलं की तीन दिवसांत सगळे मरतात. दावं बांधूनच सोडलंय म्हणा ना."

रोज एक वाटी, चाळीस ग्रॅम, मापून. सगळ्या मुलींच्या घरून संमतीपत्रं आली. काकूंनीही एका कागदावर सही केली, त्यात इतर बऱ्याच गोष्टींबरोबर मेसचं अन्न आवाराबाहेर नेणार नाही असंही लिहिलेलं होतं. गॅसच्या कागदावर करतात तशीच ही सही, वाचतो कोण.

आणि काय सांगायचं, जमलं की हो. गणपतीपर्यंत पोरी दोडका मागून घ्यायला लागल्या. ज्वारीची भाकरी कमी पडू लागली. मंच्युरियनवाल्याने गाडी दुसऱ्या फाट्यावर हलवली. दिवाळीआधीच्या तपासणीत रक्त वाढलेलं, चेहरे तुकतुकीत. प्राचार्यांच्या फोटोसकट बातमी छापून आली, आणि पुढच्या वर्षी हे दही आणखी साठ कॉलेजांत जाणार असं ठरलं.

काकूंना मात्र मनात कुठेतरी खटकत होतं. संकष्टीला त्यांनी हौसेने मोदक केले, तर चारशे पोरींनी प्रत्येकी अर्धा खाल्ला आणि हात धुतले. "अगं, माझ्या हातचा एक तरी पुरा घे," असं म्हणत त्या ओळीतून फिरल्या. पोरी हसून नको म्हणाल्या. पूर्वीही नको म्हणायच्या, पण त्या 'नको'त थोडं 'हो' असायचं, आणि त्यावरच तर वाढणारीचा हात चालतो. आता नको म्हणजे नको. काकूंना वाईट वाटलं, पण पोरी धडधाकट होत्या, मग तक्रार कसली करणार.

दह्याचं म्हणाल तर ते दही दृष्ट लागण्यासारखं होतं. पातेलं तिरकं केलं तरी हलायचं नाही, पाणी सुटायचं नाही, आंबट म्हणून नाही. असं दही बघून ज्या बाईचा हात चमचाभर विरजणासाठी शिवशिवणार नाही, ती बाई आमच्या ह्या खोऱ्यात अजून जन्मायची आहे. विरजण नेणं म्हणजे काही चोरी नव्हे. शेजारीण वाटी घेऊन दारात आली तर नाही म्हणू नये, फक्त दिवेलागणीनंतर देऊ नये, एवढाच काय तो नियम. चिटणीसबाईंनी सांडपाण्याचा विचार केला होता, उंदरांचा केला होता, खरकट्याचा केला होता. विरजणाचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही, कारण त्यांच्याकडे दही लावायचं ते सीलबंद पाकिटातून.

काकूंनी श्रावणातच छोट्या स्टीलच्या डबीतून दोन चमचे घरी नेले होते. घरच्या दह्याच्याच भांड्यात ते मिसळले, आणि मग रोजच्यासारखं आजच्यातलं उद्याला, उद्याच्यातलं परवाला. त्यांच्या मालकांची, दत्तोबांची, साखर दहा वर्षं काही केल्या हटत नव्हती. दोन महिन्यांत ती ताळ्यावर आली, ढेरी उतरली, गडी जिने चढायला लागला. गल्लीतल्या बायकांनी विचारलं काय केलंत, काकूंनी सांगितलं दही. पाच घरी वाट्या गेल्या. त्या पाचांनी कुणाकुणाला दिलं, ते त्यांनी विचारलं नाही. विरजणाचा हिशेब कोण ठेवतं?

कार्तिकात काकूंची एकुलती एक लेक, तेजल, सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन राहिले नव्हते, आणि ह्या वेळी सगळं सुखरूप इथवर आलं होतं. काकूंनी मेसमधून सकाळची अर्धी पाळी सोडवून घेतली. पोरीला न्हाऊ-माखू घालायचं, खाऊ-पिऊ घालायचं, आणि घरात एक रडणारं पोर बघायचं, ह्यापलीकडे त्यांना जगात काही नको होतं.

पहिले आठ दिवस तेजल चापून जेवली. मग हळूहळू हात आखडला.

डोहाळजेवणाच्या दिवशी तिला हिरवी साडी नेसवली, फुलांच्या झोपाळ्यावर बसवलं, समोर अकरा पदार्थ मांडले. बायका गाणी म्हणत होत्या. तेजल ताटाकडे बघत बसली. सगळ्यांचा मान म्हणून तिने करंजीचा एक तुकडा तोंडात घातला आणि तोंडावर पदर धरून मोरीकडे पळाली.

"अगं, काय खावंसं वाटतं ते तरी सांग. चिंच? कैरी? चिकन करू का?"

"काहीच नाही गं आई. आंबट नको, गोड नको. पोट गच्च भरल्यासारखं वाटतं."

"सकाळपासून पाण्याशिवाय काय गेलंय पोटात?"

"दहीभात गेला की. तेवढाच उतरतो."

मग काय, काकूंनी दहीभात धरला. सकाळी दहीभात, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा वाटीभर दही. मेसमध्ये चाळीस ग्रॅम मापून देणारी बाई घरी लेकीला तांब्यांनी ताक पाजत होती. पोर जेवत नाही म्हटल्यावर आई जे उतरेल ते देणारच. आरोग्य केंद्राच्या आशाताई पंधरा दिवसांनी वजनकाटा घेऊन आल्या. आठव्या महिन्यात वाढायचं ते वजन दोन किलोने उतरलं होतं.

शंका काकूंना आली नाही असं नाही. ती आलीच, पण त्यांनी ती अर्धवट विचारली, आणि तिथेच घात झाला. मेसमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची सानिया मुजावर रोज दह्याचे नमुने घ्यायला यायची. मिरजेची पोर, बोलायला गोड, काकूंच्या हातच्या चहाशिवाय हलायची नाही.

"काय गं सानिया," भाजी चिरता चिरता काकूंनी विचारलं, "समज, एखादीने ह्यातलं वाटीभर दही घरी नेलं आणि घरच्यांनी खाल्लं. तर?"

"कुणी नेलं, काकू?"

"नेलं नाही गं कुणी. उगीच आपलं विचारते."

"तर काही नाही. तीन दिवस थोडी भूक कमी लागेल. पावडर मिळाली नाही की ते मरतात. चौथ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं."

काकूंच्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी नेलेल्याला चार महिने होऊन गेले होते, म्हणजे दही काही आता मेसचं उरलं नव्हतं. विरजण लावलं, रोज लावते, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले होते. पण सही आठवली, मेसचं काम आठवलं, आणि त्यांनी ते गिळले. आणखी तीन आठवडे तेजलला दहीभात मिळाला.

ह्या तीन आठवड्यांत गल्लीत बरंच काही झालं, पण प्रत्येक घरात ते वेगळ्या नावाने झालं. समोरच्या शेवाळ्यांची म्हातारी अन्न सोडून बसली आणि गेली. लोक म्हणाले वय झालं, अन्नावरची वासना उडाली की माणूस राहत नाही. साखरपुड्याच्या पंगतीत जिलबीची परात तशीच परत गेली, तर लोक म्हणाले हल्ली सगळ्यांना डाएटचं वेड. शाळेतल्या बाईंनी पोरांचे डबे भरलेलेच घरी जातात अशी चिठ्ठी पाठवली.

सोनोग्राफीला तेजलला जिल्ह्याच्या गावी नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर बाळाचं माप दोनदा घेतलं.

"बाळाची वाढ तीन आठवड्यांपासून थांबलीय," ते म्हणाले. "पाणीही कमी झालंय. ह्या काय खातात?"

"काहीच जात नाही हो. नुसता दहीभात," काकू म्हणाल्या, आणि तीन आठवडे हा आकडा त्यांच्या डोक्यात घुसला.

तेजलला तिथेच दाखल करून घेतलं. काकूंनी दुपारची एसटी पकडली, घरी येऊन फडताळातली दह्याची वाटी डब्यात ओतली आणि तशाच कॉलेजात गेल्या. चिटणीसबाई प्रयोगशाळेत होत्या, सानियाही होती. काकूंनी डबा टेबलावर ठेवला.

"हे माझ्या घरचं दही. श्रावणात तुमच्यातलं विरजण नेलं होतं. तेव्हापासून रोज लावते. माझी पोर तेच खातेय, आणि ती जेवत नाही. बघा ह्यात ते आहे का."

सानियाच्या हातातली नळी तशीच राहिली. चिटणीसबाई म्हणाल्या, "शक्य नाही," आणि तरी लगेच हातमोजे चढवले. तपासायच्या यंत्राला तास लागला.

ते त्यात होतं. नुसतं होतं असं नाही, पावडरीचा कण नसताना मजेत वाढत होतं. सानियानेच मग सांगितलं, कारण चिटणीसबाई तोच नमुना पुन्हा यंत्राला लावायला वळल्या होत्या.

"काकू, एका भांड्यात दोन जातींचे जीवाणू राहिले ना, की ते एकमेकांना आपली जनुकं देतात. शेजारणी मीठ-मिरची देतात तसं. तुमच्या घरच्या जुन्या दह्यातल्या जीवाणूंना तो घटक बनवता येतो. त्यांनी तो आमच्याला शिकवला. रोज विरजण म्हणजे रोज नवी पिढी. पावडरवाचून जे मरायचे ते मेले, ज्यांना जमलं तेच उरले. आणि ते आता तेल-साखरेची वाट बघत नाहीत. काहीही खाल्लं तरी रस सोडतात." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही विचारलं होतंत मला. विरजणाचं मला सुचायला हवं होतं. आमच्या घरी अम्मी रोज लावते."

"तुला मी पुरतं सांगितलं नाही, बाळ," काकू म्हणाल्या. "चूक माझी आहे."

चिटणीसबाईंनी विचारलं, "किती घरांत दिलंत?"

"पाच. पुढचं मला माहीत नाही."

त्यानंतर त्या जे बोलल्या त्याचा राग काकूंना नंतर आला, तेव्हा नुसती भीती वाटली. औषध आहे, त्या म्हणाल्या, एक अँटिबायोटिक ह्याला मारतं, चिठ्ठी लगेच देते. फक्त दह्याचं तूर्त कुठे बोलू नका. साठ कॉलेजांचा प्रश्न आहे, वरच्या लोकांशी बोलावं लागेल, आणि पहिलं नाव तुमचंच येईल. चोरीचं.

"येऊ द्या," काकू म्हणाल्या. "पोरीच्या डॉक्टरांना काय झालंय तेच सांगायचं नाही, तर ते औषध कशावर देणार?"

त्यांनी चिठ्ठी घेतली आणि परतीच्या एसटीत बसल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत तेजलला कळा सुरू झाल्या होत्या. बाळाचे ठोके मंदावत होते म्हणून डॉक्टरांनी पोट उघडलं. मुलगी झाली, एक किलो शंभर ग्रॅम.

काकूंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, सहीसकट. त्यांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत; रागावले असते तर ते परवडलं असतं. आईला औषध सुरू झालं. पण आईच्या पोटातलं जन्मताना बाळाकडे जातं, काही दुधातून जातं, काही हातांतून, हे आता काकूंनाही समजत होतं. एवढंसं ते पोर काचेच्या पेटीत निजलेलं असायचं. शेजारच्या पेट्यांमधली तेवढीच पोरं दूध उशिरा आलं की आवाज काढायची, मूठ चोखायची, वळवळायची. ही शांत. नर्सने नळीतून चार थेंब दूध घातलं की ते तसंच पोटात राहायचं आणि चार तासांनी उलटून यायचं. आठव्या दिवशी तिला तेजलच्या छातीशी दिलं. तिने तोंड उघडलं नाही. ओठ मिटून, पोट भरलेल्या माणसासारखं, मान बाजूला केली.

बाळालाही औषध देत होते. पण ते काम करेपर्यंत टिकायला अंगात काही असावं लागतं. नवव्या दिवशी दुपारी ती गेली.

तेजल रडली नाही. ती म्हणाली, "आई, ती उपाशी गेली. आणि तिला भूकसुद्धा लागली नाही."

काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवायला हात पुढे केला. तेजलने डोकं सरकवून घेतलं. दोन दिवसांनी तिचा नवरा तिला सासरी घेऊन गेला, आणि काकूंचा फोन ती उचलत नाही.

कॉलेजातलं दही बंद झालं, मुलींना गोळ्या दिल्या, चौकशी बसली, काकूंचं काम सुटलं. चिटणीसबाई कुठे गेल्या ते कुणाला माहीत नाही. घरात दत्तोबांनी दही टाकायला साफ नकार दिला. "दहा वर्षांनी साखर उतरलीय, आणि तू म्हणतेस टाक," असं म्हणून त्यांनी भांडं खोलीत नेऊन ठेवलं. काकूंनी ते उचलून आणलं, चुलीवर चढवून उकळलं, मातीत ओतलं, आणि नवराबायकोचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

मग त्या घरोघरी निघाल्या. सानिया बरोबर यायची, तिच्याकडे गोळ्यांची पाकिटं आणि एक वही. पहिल्या पाच घरांतून एकवीस घरं कळली, एकविसांतून पलीकडची तीन गावं. काही बायका दारातूनच बोलल्या, की दही कधी मातीत ओततात का, लक्ष्मी असते ती. एकीने शिव्या दिल्या. एकीने आत बोलावून पाणी दिलं आणि मग कळल्यावर पेला काढून घेतला. काकू प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणत होत्या, कमी नाही, जास्त नाही: "हे दही माझ्या घरातून आलंय. मी ते न विचारता आणलं. माझी नात त्याने गेली."

तिसऱ्या गावात, शेवटच्या आळीत, बावीस-तेवीस वर्षांची एक पोरगी ओट्यावर बसली होती. सहावा महिना असावा. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. काकूंचं वाक्य तिने ऐकून घेतलं, उठून आतून दह्याचं गाडगं आणलं आणि सानियाच्या हातात दिलं. दवाखान्यातून डॉक्टरांची चिठ्ठी मिळेपर्यंत गोळी कधी आणि कशी घ्यायची ते सानियाने समजावलं.

"ह्याने भूक लागेल?" पोरगीने विचारलं.

"लागेल. पण पंधरा दिवस तरी नाही," सानिया म्हणाली.

"मग पंधरा दिवस काय करू? समोर ताट आलं तरी मला ओकारी येते. सासूबाई म्हणतात नाटकं करते."

काकूंनी पिशवी ओट्यावर ठेवली. सासूची परवानगी न विचारताच त्या चुलीपाशी गेल्या, शिळी भाकरी कुस्करली, त्यात गरम आमटी घातली आणि ताटली घेऊन पोरगीसमोर बसल्या.

"भूक लागायची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या. "दर दोन तासांनी घड्याळात बघून खायचं. नको वाटलं तरी. आ कर."

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसरा तिने ओट्याच्या कडेला वाकून उलटून टाकला, आणि तोंड पुसत म्हणाली, "काकू, नको ना. खरंच पोट भरलंय."

"माहीत आहे गं मला," काकू म्हणाल्या, आणि चौथा घास कालवायला घेतला.